मंगळवारच्या दुसऱ्या पिरियडला काय होतं?

या वेळी पत्रं खूप आली आणि बहुतेक सगळी शाळेबद्दलचीच. कुठली शाळा, कुठला प्रोग्रॅम, स्पेशल की नेहमीची, शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस) ठेवू का, परत त्याच वर्गात बसवू का. सगळ्यांना लिहिणं शक्य नाही म्हणून सहा पत्रं निवडलीत, त्यात बाकीच्यांचे प्रश्नही बरेचसे येऊन जातात. मुलांचा विषय आहे म्हणून नावं आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत आहे. दोन महिन्यांपूर्वी अ‍ॅसेसमेंट झालं, रिपोर्टमध्ये डिस्लेक्सिया आलंय, लिहिण्यातही अडचण आहे असं आहे. बुद्धी उत्तम आहे म्हणाल्या मॅडम. आता एक शाळा आहे फक्त अशाच मुलांची, वर्गात दहाच मुलं, तिथे जाऊन आले तर मन भरून आलं. आणि आत्ताची शाळा म्हणतेय आमच्याकडे रिसोर्स रूम आहे, म्हणजे अशा मुलांना वेगळं शिकवायची खोली, इथेच राहू दे. मित्र सगळे इथे आहेत. नवरा म्हणतो इथेच, सासूबाई म्हणतात बदला, आणि मी रात्रभर जागी. काय करू?

आधी हे सांगते की तुम्ही उशीर केलेला नाही. दोन महिन्यांत रिपोर्ट हातात घेऊन दोन शाळा बघून झाल्यात तुमच्या, एवढं फार कमी जण करतात.

आता त्या दोन शाळांची नावं, त्यांचे हॉल, भिंतीवरची चित्रं, 'इन्क्लुजिव्ह' आणि 'स्पेशल' हे शब्द, सगळं थोडा वेळ बाजूला ठेवा. दोन्हीकडे परत जा आणि एकच विचारा, मंगळवारी दुसऱ्या पिरियडला माझा मुलगा नेमकं काय करत असेल? समोर कोण बसलेलं असेल, त्यांचं ट्रेनिंग कशात झालंय, बरोबर किती मुलं असतील, किती मिनिटं, आणि दोन महिन्यांनी कशावरून कळेल की जमायला लागलंय. जिथे खरंच काम चालतं तिथे या प्रश्नाचं उत्तर लगेच येतं, कधीकधी तर वही काढून दाखवतात. जिथे नसतं तिथे "आम्ही प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष देतो" असं काहीतरी ऐकू येतं आणि विषय बदलतो. मी इतकी वर्षं शाळा बघतेय, या एका प्रश्नाने मला जेवढं कळलंय तेवढं कुठल्याच माहितीपत्रकाने नाही कळलं.

उत्तरात काय ऐकू यायला हवं तेही सांगते. डिस्लेक्सियात अडचण बहुतेक वेळा डोळ्यांत नसते तर शब्दातले आवाज सुटे करून पकडण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात असते. म्हणून शिकवणं असं लागतं की आवाज सुटे करायचे, मग आवाज आणि अक्षराची जोडी, मग काना मात्रा वेलांट्या, मग जोडाक्षरं, सगळं ठरलेल्या क्रमाने, उघडपणे समजावून, एक पक्कं झाल्याशिवाय पुढचं नाही आणि रोज मागच्याची उजळणी. सॅम्युएल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकात याच वाटेवर काम सुरू केलं, तेव्हापासून पद्धतींची नावं पुष्कळ झाली पण गाभा हाच राहिलाय. नाव कुठलंही असू दे, क्रम आहे का आणि उघड शिकवणं आहे का ते बघा. नुसतं "भरपूर वाचून घेतो आम्ही" हे या मुलांना पुरत नाही, उलट अंदाजाने वाचायची सवय लागते, पहिलं अक्षर बघायचं आणि पुढचा शब्द ठोकून द्यायचा.

आणि वेळ. वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी छोट्या गटात आठवड्याला ३ ते ५ दिवस, दर वेळी २० ते ४० मिनिटं, हे साधारण जादा मदतीच्या पहिल्या पायरीचं प्रमाण धरतात. तुमच्या मुलाचं निदान झालंय, लिहिण्याचीही अडचण आहे, तर त्याला याहून जास्तच लागेल, रोज, आणि काही काळ तरी गटात न बसवता एकट्यालाच शिकवून. आठवड्यातून एकदा अर्धा तास रिसोर्स रूममध्ये बसवून वर्गातला राहिलेला गृहपाठ पूर्ण करून घेणं म्हणजे वाचायला शिकवणं नव्हे. हे मी अगदी ठासून लिहितेय कारण बऱ्याच रिसोर्स रूममध्ये नेमकं हेच चालतं, आणि आईवडिलांना वाटतं मदत सुरू आहे, मुलालाही वाटतं मदत सुरू आहे आणि तरीही मला येत नाहीये म्हणजे मीच ढ. त्या मुलाच्या मनात तेव्हा जे होतं ते भरून काढायला पुढे किती वर्षं जातात ते मी पाहिलंय.

तो रिसोर्स रूममध्ये जातो तेव्हा वर्गात काय चुकतं तेही विचारा. खेळाचा तास, चित्रकला, संगीत यांतून त्याला काढत असतील तर स्पष्ट नाही म्हणा. दिवसभर ज्या गोष्टीत मागे पडतो ते सहन करून जो एक तास त्याचा स्वतःचा असतो तो काढून घ्यायचा नाही.

मोजमापाचं म्हणाल तर फार साधी गोष्ट आहे. दर आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी त्याच पातळीचा नवा उतारा द्यायचा, एक मिनिट मोठ्याने वाचायला लावायचं, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे आणि आलेखावर ठिपका टाकायचा. मिनेसोटा विद्यापीठात स्टॅन्ली डेनो यांनी ही पद्धत बसवली, शिक्षकाला पाच मिनिटं लागतात. आठ दहा आठवडे ठिपके एकाच पातळीवर रेंगाळले तर मुलाला दोष न देता पद्धत बदलायची किंवा वेळ वाढवायचा. शाळेला विचारा असा आलेख ठेवता का, नसतील ठेवत तर ठेवाल का.

आता स्पेशल शाळेकडे याच नजरेने बघा. वर्गात दहा मुलं ही चांगली गोष्ट, पण दहा मुलांच्या वर्गातही फळ्यावरून उतरवून घेणंच चालू असेल तर उपयोग नाही. तिथे विज्ञान, इतिहास, गणित त्याच्या बुद्धीच्या उंचीचं शिकवतात की वाचनाच्या उंचीचं? हा फार मोठा प्रश्न आहे. साडेआठ वर्षांचं हुशार मूल, त्याला ग्रहांबद्दल, किड्यांबद्दल, युद्धांबद्दल ऐकायचं असतं, आणि त्याला पहिलीतलं पुस्तक दिलं की तो विचार करायचंच सोडतो. आणि विचारा की इथून नेहमीच्या शाळेत परत जाणारी मुलं असतात का, त्याची तयारी कशी करून घेता.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. आत्ताच्या शाळेत रोजचा तो तास, शिकवणारी प्रशिक्षित व्यक्ती आणि आलेख हे तिन्ही खरोखर मिळत असेल तर इथेच ठेवा, मित्र ही छोटी गोष्ट नाही. नुसती खोली असेल आणि दारावर पाटी, तर बदला, आणि मित्रांना घरी बोलावत राहा. जे ठरवाल ते जन्मभराचं नाहीये, आजच कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहा आणि त्या दिवशी आलेख समोर ठेवून परत ठरवा. तोवर घरी त्याला गोष्टी वाचून दाखवणं, ऑडिओ पुस्तकं ऐकवणं रोज चालू ठेवा, शब्दसंपत्ती कानानेही वाढते, वाचन सुधारेपर्यंत ती अडवून ठेवायचं काही कारण नाही.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची. तिला परीक्षेत जास्तीचा वेळ, प्रश्न वाचून दाखवायला माणूस आणि हवा तर रायटर अशी परवानगी मिळालीये. पण तिचे ट्यूशनचे सर म्हणतात सवलती घेतल्या की मूल आळशी होतं, पुढे आयुष्यात कोण देणार आहे सवलत. मलाही कुठेतरी वाटतं की हे बाकीच्या मुलांवर अन्याय करणारं आहे. एक बाबा.

बाबा, १८९६ सालची गोष्ट सांगते. इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. डोळे चांगले, खेळात चपळ, बीजगणित सोडवायचा, पण वाचायला बसला की साधे शब्द येत नव्हते आणि स्वतःचं नावसुद्धा अक्षरांची अदलाबदल करून लिहायचा. त्याला अनेक वर्षं शिकवलेल्या मास्तरांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. सव्वाशे वर्षांपूर्वी एका मास्तरांच्या लक्षात आलं होतं की याला विषय येतो, अडतंय ते छापलेल्या अक्षरापाशी. तुमच्या मुलीचंही तेच आहे. इतिहासाचा पेपर तिला इतिहास किती कळला ते बघण्यासाठी असतो ना, मग प्रश्न वाचण्यातच तिचा निम्मा वेळ गेला तर तो पेपर इतिहास मोजतच नाहीये.

मला 'सवलत' हा शब्दच आवडत नाही, त्यात मेहेरबानी आहे. मी 'सोय' म्हणते. आणि सोय वेगळी, काटछाट वेगळी, हा फरक प्रत्येक पालकाला माहीत असायलाच हवा. जास्तीचा वेळ, वाचक, रायटर, मोठी छपाई, शांत खोली, कॉम्प्युटरवर टाईप करणं या सोयी, यात प्रश्न तोच राहतो, उत्तरही तेवढंच द्यावं लागतं, फक्त रस्ता बदलतो. काटछाट म्हणजे अभ्यासच कमी करणं, सोपे प्रश्न, एखादा विषय सोडून देणं, वेगळा अभ्यासक्रम. काही मुलांना काटछाटीची खरंच गरज असते आणि तेव्हा ती आनंदाने घ्यावी, पण तिचे परिणाम पुढे कुठल्या कोर्सला जाता येईल यावर होतात, म्हणून सही करण्याआधी विचारा की ही सोय आहे की काटछाट, आणि याने पुढचा कुठला दरवाजा बंद होतो का. शाळा हे आपणहून सांगतेच असं नाही.

आळशीपणाचं म्हणाल तर सरांना एवढंच विचारा की चष्मा लावून वाचणारं मूल आळशी होतं का. पुढे आयुष्यात कोण देणार म्हणतात, तर २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जो करार स्वीकारला त्याच्या २४ व्या कलमात शिक्षणातल्या अशा सोयींचा हक्क लिहिलेला आहे, आणि तो करार नोकरीच्या जागेबद्दलही बोलतो.

पण सरांच्या बोलण्यातली एक गोष्ट मी उचलते. सोयीमुळे वाचन सुधारत नाही. ती परीक्षेपुरती वाट मोकळी करते, वाचायला शिकवण्याचं काम वेगळं आणि ते चालूच राहायला हवं. कितीतरी घरांत रायटर मिळाला की वाचनाचे तास बंद होतात, तसं होऊ देऊ नका. आणि रायटरची सवय आधीपासून लागते हो! दुसऱ्याला उत्तर सांगून लिहून घेणं, वाक्य मनात पूर्ण जुळवणं, स्वल्पविराम कुठे ते सांगणं, मध्येच खोडायला सांगणं, हे वेगळं कौशल्य आहे. मुख्य परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा अनोळखी माणूस शेजारी बसवला तर मूल गप्प होतं. घटक चाचण्यांपासून वापरा, निदान चार पाच वेळा.

प्रश्न : माझा नातू ६ वर्षांचा, ऑटिझम आहे. शब्द थोडे बोलतो. नेहमीच्या शाळेत घातलाय, शाळेने अट घातली की शॅडो टीचर आणा. ती मुलगी चांगली आहे, दिवसभर त्याला चिकटून असते. पण मी न्यायला जाते तेव्हा बघते तर तो कायम तिच्याशीच, वर्गातल्या मुलांशी काहीच नाही. सुनेला म्हटलं तर ती म्हणते आई तुम्हाला नाही कळत. आणि चित्रांची कार्डं देतात त्याला, त्याने बोलणं मागे पडेल का? एक आजी.

आजी, तुम्हाला जे दिसलं ते अगदी बरोबर दिसलं. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये मायकेल जिआंग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली नेमकं हेच लिहिलं, की मदतनीस सतत मुलाला खेटून असला की वर्गशिक्षक त्या मुलाची जबाबदारी हळूहळू सोडून देतात, बाकीची मुलं जवळ येत नाहीत आणि मूल त्या एका माणसावर अवलंबून राहतं. त्या मुलीचा यात दोष नाही, तिला कुणी सांगितलेलंच नसतं की तुझं काम कमी कमी होत गेलं पाहिजे.

सुनेशी वाद घालू नका, तिच्यावर आधीच किती ओझं आहे तुम्ही बघताच आहात. तिच्याबरोबर बसून शाळेसाठी तीन गोष्टी लिहा. दिवसातल्या कुठल्या वेळी त्याला मदत खरंच लागते आणि कुठल्या वेळी नाही, डबा खाताना लागते का, रांगेत लागते का, गाण्याच्या तासाला लागते का. जिथे लागत नाही तिथे त्या शॅडो टीचरने चार पावलं लांब उभं राहायचं, दर महिन्याला थोडं अजून लांब. आणि वर्गशिक्षकांनी दिवसातून काही वेळा स्वतः त्याच्याशी बोलायचं, शॅडो टीचरमार्फत नाही. शेजारी बसवायला एक शांत आणि मायाळू मूल शोधा, असं एक तरी प्रत्येक वर्गात असतं.

कार्डांची काळजी सोडा. या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००६ साली घेतला गेला, त्यात कार्डं, खुणा किंवा आवाज देणारं यंत्र वापरल्यामुळे कुठल्याच मुलाचं बोलणं कमी झालेलं दिसलं नाही, बऱ्याच मुलांचं थोडं वाढलंच. आपल्याला हवं ते मागता आलं की चिडचिड कमी होते, त्यातून बोलायलाही जागा मिळते. फक्त कार्डं शाळेच्या दप्तरात बंद नकोत, घरीही वापरा, तुम्हीसुद्धा.

प्रश्न : एका सेंटरने रंगीत काचांचा चष्मा, डोळ्यांचे व्यायाम आणि मुलाची 'लर्निंग स्टाईल' (बघून शिकतो की ऐकून की करून) शोधून तसं शिकवायचं असं सहा महिन्यांचं पॅकेज सांगितलंय, डिस्लेक्सिया बरा होतो म्हणतात. घ्यावं का?

नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली एकत्र निवेदन काढून सांगितलंय की डिस्लेक्सियासाठी रंगीत काचा किंवा असे डोळ्यांचे व्यायाम उपयोगी पडतात याला शास्त्रीय आधार नाही. लर्निंग स्टाईलप्रमाणे शिकवल्याने मूल जास्त शिकतं हेही २००८ च्या मोठ्या आढाव्यात सिद्ध झालेलं सापडलं नाही. डोळे आणि कान मात्र एकदा नीट तपासून घ्या, ते सगळ्यांनीच, कुठल्याही अ‍ॅसेसमेंटच्या आधी. आणि 'बरा होतो' असं जो म्हणेल तिथे थांबूच नका, कारण डिस्लेक्सिया हा काही आजार नाही, ती मेंदूची एक ठेवण आहे, नीट शिकवलं तर मूल वाचायला शिकतं. तेच पैसे आणि त्याहून महत्त्वाचे ते सहा महिने रोजच्या वाचन शिकवणीवर घाला.

प्रश्न : मुलगी सव्वासहा वर्षांची, पहिलीत. अक्षरं ओळखते पण जोडून वाचता येत नाही, आज आलेलं उद्या विसरते. डॉक्टर म्हणाले एवढ्या लहान वयात शिक्का नको, थांबा. टीचर म्हणतात परत पहिलीत बसवा, पक्की होईल. घरचे म्हणतात बाबाही उशिरा वाचायला लागला होता. थांबू का बसवू?

दोन्ही नको असं म्हटलं तर चालेल का? शिक्का घाईने लावू नये हे डॉक्टरांचं बरोबर आहे, निदानाच्या प्रचलित निकषांतही असं आहे की नेमकी मदत देऊनही निदान सहा महिने अडचण टिकली पाहिजे. पण वाक्य परत वाचा, *मदत देऊनही*. म्हणजे थांबायचंय ते शिक्क्यासाठी, मदतीसाठी नाही. मदत उद्यापासून, तिला रिपोर्टची गरज नाही.

कॉनी जुएल या संशोधिकेने एका शाळेतल्या ५४ मुलांचा पहिलीपासून चौथीपर्यंत माग ठेवला होता, तो अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. पहिलीच्या शेवटी वाचनात मागे असलेलं मूल चौथीच्या शेवटीही मागेच असण्याची शक्यता ८८ टक्के निघाली. मुलं तेवढीच होती, शाळा एकच, तरी मी हा आकडा सांगते कारण 'आपोआप येईल' या आशेवर किती मुलांची वर्षं जातात ते मला दिसतं. आणि बाबा उशिरा वाचायला लागला होता हे तुम्ही दिलासा म्हणून लिहिलंय, मला मात्र ते वाचून लगेच मदत सुरू करावीशी वाटते, कारण डिस्लेक्सिया बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. बाबांना विचारा ना एकदा एकांतात, शाळेत मोठ्याने वाचायची वेळ आली की काय वाटायचं. कधीकधी त्या उत्तराने सगळं घर बदलतं.

परत त्याच वर्गात बसवण्याबद्दल, ज्या पद्धतीने एक वर्ष जमलं नाही त्याच पद्धतीने दुसरं वर्ष, आणि मैत्रिणी पुढच्या वर्गात. वर्ष परत करून वाचनाचा टिकाऊ फायदा होतो असं अभ्यासांत सहसा दिसत नाही. टीचरना सांगा की तिला दुसरीत जाऊ दे, आणि जी मेहनत तुम्ही परत पहिलीत घेणार होतात ती रोज अर्धा तास आत्ता सुरू करू. घरी दहा मिनिटं आवाजांचे खेळ घ्या, 'कप' मधला शेवटचा आवाज काढून टाकला तर काय उरतं, 'माळ' मध्ये म च्या जागी ज ठेवला तर काय होतं. लिहायचं काही नाही, वही नाही, चालता चालता.

सहा महिन्यांनी तरीही अडत असेल तर मग पूर्ण अ‍ॅसेसमेंट करा, आणि तेव्हा जे निदान येईल त्याला घाबरू नका.

प्रश्न : मी १४ वर्षांचा आहे. मला वाचायला खूप वेळ लागतो. रिसोर्स रूमला जायला लागतं तेव्हा सगळ्यांसमोर नाव घेऊन बोलावतात, मुलं हसतात. आणि ते नेमकं सायन्सच्या वेळी असतं, त्यात प्रयोग असतात ते माझे चुकतात आणि मला फक्त सायन्सच आवडतं. आईला सांगितलं तर ती रडते म्हणून तुम्हाला लिहिलं. मला जायचंच नाही तिथे.

तू लिहिलंस हे फार बरं केलंस. तुझं पत्र वाचून मला तुझ्या शाळेतल्या मोठ्या माणसांचा राग आला, तुझा अजिबात नाही.

तुझ्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या आपण वेगळ्या करू. एक, तुला बोलावतात ती रीत आणि वेळ. ती चूक आहे आणि बदलता येते. वर्गात नाव पुकारायची काही गरज नसते, ठरलेल्या वेळी तू स्वतः उठून जाऊ शकतोस किंवा शाळा सुरू व्हायच्या आधीचा वेळ ठेवता येतो. सायन्सच्या तासातून तर काढायलाच नको, ज्या विषयात माणूस चमकतो तिथून त्याला उठवतात का कधी! दोन, तिथे जे शिकवतात ते. ते उपयोगी आहे का हे तूच सांगू शकतोस, दुसरं कुणी नाही. मागच्या वर्षीपेक्षा तुझं वाचन थोडं तरी सोपं झालंय का? झालं असेल तर ते सोडू नकोस, वेळ बदलून घे. काहीच झालं नसेल तर तेही सांग, चौदाव्या वर्षी वाचन शिकवण्याची पद्धत सातव्या वर्षासारखी असून चालत नाही, तुला सायन्सचे धडे घेऊनच शब्द फोडायला शिकवलं पाहिजे, 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द चार तुकड्यांत कसा तोडायचा असं. आणि लांब धडे फोनवर किंवा कॉम्प्युटरवर ऐकून घेत जा, मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची सोय त्यात असते, कानाने वाचलेलंही वाचलेलंच असतं. माझ्याकडे आलेला एक मुलगा डोळ्यांनी ओळ बघत कानाने ऐकायचा, त्याने पूर्ण वर्षाचा अभ्यास तसा केला.

शाळेत तुझ्याबद्दल मीटिंग होते ना, त्यात तू नसतोस असं मी धरून चालते. पुढच्या वेळी तू बसायचंस. बोलता आलं नाही तर एक चिठ्ठी दे, तीन ओळींची. माझं नाव वर्गात पुकारू नका. मला सायन्समधून काढू नका. मला या या गोष्टीने मदत होते. तिसऱ्या ओळीत काय लिहायचं ते तू ठरव. शाळेतल्या एका तरी शिक्षकाला आधी दाखव, तुला ज्यांच्यावर विश्वास वाटतो त्यांना, सायन्सचे सर किंवा बाई असतील तर उत्तम कारण तू वर्गात नसतोस हे त्यांनाही खटकत असणार.

आई रडते ते तुझ्यामुळे नाही, तिला काय करायचं ते सुचत नाही म्हणून. तिला हे पान वाचून दाखव, किंवा तिला वाचायला सांग आणि तू ऐक. चिठ्ठी तिच्यासमोर लिही, स्पेलिंग शुद्धलेखन कशाचीही काळजी न करता. आणि पुढच्या महिन्यात मला कळव की प्रयोगाच्या दिवशी तू वर्गात होतास का, आणि कुठला प्रयोग होता.